अमेरिकेतील हायस्कूल डिप्लोमा : पात्रतेच्या अटी आणि त्यांमागील पेच

१. प्रस्तावना

मराठीत 'डिप्लोमा' हा शब्द उच्चारला की दहावीनंतरचा तंत्रनिकेतनातील अभ्यासक्रम डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र शालेय शिक्षण पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रास हे नाव आहे. नववी ते बारावी ही चार वर्षे म्हणजे तेथील हायस्कूल होय. या चार वर्षांच्या अखेरीस, वयाच्या सुमारे अठराव्या वर्षी, विद्यार्थ्याच्या हाती जे प्रमाणपत्र पडते ते म्हणजे हायस्कूल डिप्लोमा. महाविद्यालयीन प्रवेश, सैन्यातील भरती, तसेच शासकीय व खाजगी क्षेत्रांतील असंख्य नोकऱ्या यांसाठी तो किमान पात्रतेचा दाखला मानला जातो. ज्याच्याजवळ तो नाही त्याच्यासाठी पुढील आयुष्याची अनेक दारे अर्धवट मिटलेली असतात.

महाराष्ट्रातील वाचकास या डिप्लोमाचे स्वरूप प्रथमदर्शनी अपरिचित वाटण्याचे कारण उघड आहे. आपल्याकडे दहावी आणि बारावीचे प्रमाणपत्र राज्य मंडळ देते आणि ते मुख्यतः एका बाह्य परीक्षेतील गुणांवर अवलंबून असते. अमेरिकेत डिप्लोमा बहुधा विद्यार्थ्याची स्वतःची शाळा किंवा तिचा शालेय जिल्हा देतो आणि तो चार वर्षांत साठविलेल्या श्रेयांकांवर आधारलेला असतो. एका ठिकाणी काही दिवसांच्या परीक्षेत निकाल लागतो, तर दुसऱ्या ठिकाणी तो चार वर्षे कणाकणाने लागत असतो. या दोन पद्धतींपैकी कोणती अधिक न्याय्य हा प्रश्न अमेरिकेत गेली पन्नास वर्षे सतत चर्चिला गेला आहे. डिप्लोमासाठी कोणत्या अटी पूर्ण कराव्या लागतात, त्या कशा निर्माण झाल्या, आणि त्या कडक अथवा सैल केल्याने कोणाचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. अटी ठरविण्याचा अधिकार

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. दहाव्या घटनादुरुस्तीनुसार जे अधिकार संघराज्याकडे सोपविलेले नाहीत ते राज्यांकडे अथवा जनतेकडे राहतात. त्यामुळे शिक्षण हा राज्यांचा विषय ठरला. परिणामी संपूर्ण देशासाठी एकच डिप्लोमा आणि एकच अटी अशी व्यवस्था तेथे नाही. राज्याचे विधिमंडळ अथवा शिक्षण मंडळ किमान अटी ठरविते आणि स्थानिक शालेय जिल्हा त्यांत भर घालू शकतो. येथे 'शालेय जिल्हा' म्हणजे शाळा चालविणारी स्थानिक स्वराज्य संस्था. तिचे मंडळ बहुधा निवडून आलेले असते व तिला कर आकारणीचे उत्पन्नही मिळते. असे सुमारे तेरा हजार जिल्हे देशात आहेत. काही राज्ये किमान अटींचा बराचसा भाग जिल्ह्यांवरच सोपवितात. म्हणूनच राज्य बदलून दुसरीकडे राहावयास गेलेल्या कुटुंबातील अकरावीच्या मुलास एखादा नवा विषय अचानक सक्तीचा झाल्याचे आढळते.

डिप्लोमाच्या कागदावर साधारणतः शाळेचे नाव, विद्यार्थ्याचे नाव आणि तारीख एवढेच असते. विद्यार्थ्याने कोणते विषय घेतले, प्रत्येकात कोणती श्रेणी मिळविली आणि एकूण सरासरी किती, हा तपशील 'ट्रान्स्क्रिप्ट' नावाच्या वेगळ्या नोंदपत्रात असतो. महाविद्यालये प्रवेश देताना प्रामुख्याने हे नोंदपत्र तपासतात. डिप्लोमा हा उंबरठा ओलांडल्याचा दाखला. किती उंच उडी मारून ओलांडला हे नोंदपत्र सांगते.

३. श्रेयांकाची कल्पना : तासांतून मोजलेले शिक्षण

डिप्लोमाच्या अटींचा कणा म्हणजे श्रेयांक. एक विषय संपूर्ण शालेय वर्षभर शिकून त्यात उत्तीर्ण झाल्यास बहुतेक राज्यांत एक श्रेयांक मिळतो. अर्ध्या वर्षाच्या विषयास अर्धा. या मोजमापाचा उगम मोठा उद्बोधक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील हायस्कुलांचे अभ्यासक्रम परस्परांहून इतके भिन्न होते की महाविद्यालयांना प्रवेशार्थींची तुलना करणे अवघड जाई. यावर विचार करण्यासाठी १८९२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली दहा सदस्यांची समिती नेमली गेली. तिने विषयांच्या अध्यापनात एकसूत्रता आणण्याची शिफारस केली. तथापि प्रत्यक्ष एकसूत्रता आली ती एका अनपेक्षित मार्गाने. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलरची देणगी दिली. तिच्या विनियोगासाठी स्थापन झालेल्या कार्नेगी प्रतिष्ठानापुढे प्रश्न आला : 'महाविद्यालय' कोणाला म्हणावयाचे? प्रतिष्ठानाने १९०६ मध्ये निकष लावला की जी संस्था प्रवेशासाठी हायस्कूलमधील किमान चौदा 'एकक' अभ्यासाची अट घालील तिच्याच अध्यापकांना निवृत्तिवेतन मिळेल. एक एकक म्हणजे एका विषयाचे वर्षभरातील सुमारे १२० तासांचे अध्यापन. महाविद्यालयांनी ही अट स्वीकारली आणि हायस्कुलांनी तिच्यानुरूप वेळापत्रके आखली. अशा रीतीने अध्यापकांच्या निवृत्तिवेतनाच्या एका नियमाने देशभरातील शालेय शिक्षणाचे माप ठरविले. 'कार्नेगी एकक' या नावाने ते आजही ओळखले जाते.

या मापाचा गुण म्हणजे त्याचा साधेपणा. अध्ययन दिसत नाही, पण तास मोजता येतात. दोषही तेथेच आहे. एखादा विद्यार्थी साठ तासांत बीजगणित आत्मसात करतो, तर दुसऱ्यास दोनशे तासही अपुरे पडतात. एककाच्या हिशेबात मात्र दोघांचे १२० तासच धरले जातात. हा दोष ओळखून न्यू हॅम्पशायर राज्याने २००५ मध्ये नियम बदलले आणि २००८-०९ या शालेय वर्षापर्यंत श्रेयांक तासांऐवजी प्रभुत्वाच्या आधारे देण्याची जबाबदारी हायस्कुलांवर टाकली. खुद्द कार्नेगी प्रतिष्ठानानेही २०२३ मध्ये एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेच्या सहकार्याने कौशल्याधारित मूल्यमापनाच्या नव्या साधनांचे काम हाती घेतले. तरीही बहुसंख्य शाळांचे वेळापत्रक आजही एककाभोवतीच फिरते.

४. विषयवार किमान अटी

कोणत्या विषयाचे किती श्रेयांक हवेत, या बाबतीत १९८३ साल महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी राष्ट्रीय आयोगाने 'अ नेशन ॲट रिस्क' हा अहवाल सादर केला. हायस्कूलमधील विद्यार्थी सोप्या व वरवरच्या विषयांकडे वळत आहेत, अशी चिंता त्यात व्यक्त झाली होती. प्रत्येक विद्यार्थ्यास इंग्रजीची चार वर्षे, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांची प्रत्येकी तीन वर्षे आणि संगणकशास्त्राचे अर्धे वर्ष सक्तीचे असावे, अशी शिफारस आयोगाने केली. त्यानंतर अनेक राज्यांनी आपापल्या अटी वाढविल्या.

उदाहरणादाखल न्यूयॉर्क राज्याच्या अटी पाहता येतील. तेथे एकूण २२ श्रेयांक लागतात : इंग्रजी ४, सामाजिक शास्त्रे ४, गणित ३, विज्ञान ३, इतर भाषा १, कला १, आरोग्यशिक्षण अर्धा, शारीरिक शिक्षण २ आणि ऐच्छिक विषय साडेतीन. टेक्सासमध्येही मूलभूत कार्यक्रम २२ श्रेयांकांचाच आहे. मात्र त्यात सामाजिक शास्त्रांना ३, इतर भाषेला २, शारीरिक शिक्षणाला १ आणि ऐच्छिक विषयांना ५ असे वाटप आहे. विज्ञान-तंत्रज्ञान, उद्योग, कला अशा एखाद्या शाखेचे विशेष शिक्कामोर्तब हवे असल्यास तेथे २६ श्रेयांक पूर्ण करावे लागतात. कॅलिफोर्नियात राज्याची किमान अट इंग्रजीची ३, गणिताची २, विज्ञानाची २, सामाजिक शास्त्रांची ३ आणि शारीरिक शिक्षणाची २ वर्षे, तसेच कला, परभाषा अथवा व्यवसायशिक्षण यांपैकी एक वर्ष अशी आहे. ही अट तुलनेने सैल असल्याने तेथील बहुतेक जिल्हे आपली भर घालतात. शिवाय त्या राज्यातील अनेक जिल्ह्यांत एका सत्राच्या विषयास पाच श्रेयांक देण्याची प्रथा आहे. त्यामुळे लॉस एंजेलिस जिल्ह्यात डिप्लोमासाठी २१० श्रेयांक लागतात, हा आकडा न्यूयॉर्कच्या २२ पुढे ठेवून घाबरून जाण्याचे कारण नाही. माप वेगळे, माल बहुतांशी तोच.

विषयांपलीकडच्या अटीही काही राज्यांनी घातल्या आहेत. मेरीलँडमध्ये १९९२ च्या नियमानुसार ७५ तासांची समाजसेवा आवश्यक ठरली. राज्यातील सर्वच सार्वजनिक शाळांतील विद्यार्थ्यांस अशी सक्ती करणारे ते पहिले राज्य होय. ॲरिझोनाने २०१५ मध्ये नागरिकत्व मिळविणाऱ्या स्थलांतरितांस विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांवर आधारलेली नागरिकशास्त्राची चाचणी अनिवार्य केली. लुईझियानाने २०१८ मध्ये उत्तीर्ण होणाऱ्या तुकडीपासून महाविद्यालयीन अर्थसाहाय्याचा अर्ज भरणे हीदेखील डिप्लोमाची अट केली होती. ती २०२४ मध्ये मागे घेण्यात आली. समाजास जे जे महत्त्वाचे वाटते ते ते डिप्लोमाच्या अटींत घालण्याचा मोह राज्यकर्त्यांना होतो, हे या उदाहरणांवरून दिसते.

५. अटींचे प्रत्यक्ष कार्य : नववीचे महत्त्व

या अटी विद्यार्थ्याच्या जीवनात कशा उतरतात हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. ज्या शाळेत वर्षाला सहा विषय शिकविले जातात तेथे चार वर्षांत जास्तीत जास्त २४ श्रेयांक मिळविता येतात. डिप्लोमासाठी २२ हवेत. म्हणजेच चार वर्षांत केवळ दोन विषयांत अनुत्तीर्ण होण्यास वाव उरतो. त्यातही इंग्रजीसारखा विषय चारही वर्षे सक्तीचा असल्याने त्यात एकदा गेलेला श्रेयांक उन्हाळी वर्गात किंवा पुढील वर्षी दोन इंग्रजी विषय एकदम घेऊनच भरून काढावा लागतो. येथे विद्यार्थ्यास सर्वच विषय पुन्हा करावे लागत नाहीत, केवळ गेलेला विषय करावा लागतो. ही सोय विद्यार्थ्याच्या हिताची आहे. परंतु तिच्यामुळे पिछाडी लवकर लक्षात येत नाही. वयाने अकरावीत आणि श्रेयांकांनी नववीत, अशा अवस्थेतील विद्यार्थी शाळा सोडण्याच्या उंबरठ्यावर असतो.

शिकागो विद्यापीठाच्या शालेय संशोधन संघाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा पुरावा मिळतो. नववीच्या अखेरीस किमान पाच पूर्ण वर्षांचे श्रेयांक मिळविलेला आणि मुख्य विषयांत एकाहून अधिक सत्रांत अनुत्तीर्ण न झालेला विद्यार्थी 'मार्गावर' आहे, असे या संशोधकांनी मानले. अशा विद्यार्थ्यांची चार वर्षांत डिप्लोमा मिळविण्याची शक्यता इतरांच्या साडेतीनपटीहून अधिक असल्याचे त्यांना आढळले. अर्थात, डिप्लोमा बारावीत दिला जात असला तरी तो पुष्कळदा नववीतच, चौदा वर्षांच्या मुलाच्या हातून निसटतो. श्रेयांकपद्धतीत अंतिम परीक्षेची भीती नसते हे खरे. परंतु तीत प्रत्येक सत्र हीच एक लहानशी अंतिम परीक्षा असते.

६. निर्गमन परीक्षा : उदय आणि अस्त

शाळेने दिलेल्या श्रेणीवर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न श्रेयांकपद्धतीस चिकटलेला आहे. एका शाळेतील 'ब' श्रेणी आणि दुसऱ्या शाळेतील 'ब' श्रेणी यांचे मोल समान असेलच असे नाही. या शंकेतून निर्गमन परीक्षेची अट जन्मास आली. श्रेयांक पूर्ण केल्यानंतरही राज्याने घेतलेल्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याखेरीज डिप्लोमा नाही, असे तिचे स्वरूप होते. न्यूयॉर्कमधील रीजंट्स परीक्षांची परंपरा १८६५ पर्यंत मागे जाते. परंतु देशव्यापी लाट आली ती १९७० च्या दशकात, किमान क्षमतांच्या चाचण्यांच्या रूपाने.

फ्लोरिडाने १९७८ मध्ये अशी चाचणी डिप्लोमासाठी सक्तीची केली. तीन प्रयत्नांनंतरही अंतिम वर्षातील सुमारे २० टक्के कृष्णवर्णीय विद्यार्थी अनुत्तीर्ण राहिले. श्वेतवर्णीयांत हेच प्रमाण सुमारे २ टक्के होते. या विद्यार्थ्यांचे आरंभीचे शिक्षण वर्णभेदाने विभागलेल्या शाळांत झाले होते. 'डेब्रा पी. विरुद्ध टर्लिंग्टन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १९७९ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि १९८१ मध्ये अपील न्यायालयाने दिलेले निर्णय आजही आधारभूत मानले जातात. डिप्लोमाची रास्त अपेक्षा हा विद्यार्थ्याचा घटनेने संरक्षित हक्क आहे. म्हणून परीक्षेची पुरेशी पूर्वसूचना दिली पाहिजे आणि जे शाळेत प्रत्यक्ष शिकविले गेले त्याचीच परीक्षा घेतली पाहिजे, ही तत्त्वे त्यांतून प्रस्थापित झाली. अटीची अंमलबजावणी १९८२-८३ पर्यंत थांबविण्यात आली. परीक्षा घेण्याचा राज्याचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही. शिकविण्याचे कर्तव्य आधी, परीक्षेचा अधिकार नंतर, एवढा क्रम लावून दिला.

पुढील दोन दशकांत निर्गमन परीक्षा वाढतच गेल्या आणि २०१० च्या सुमारास जवळपास निम्म्या राज्यांत त्या होत्या. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९३ च्या शिक्षण सुधारणा कायद्यातून आलेली परीक्षा २००३ च्या तुकडीपासून सक्तीची झाली, तर कॅलिफोर्नियात २००६ च्या तुकडीपासून. त्यानंतर मात्र ओहोटी सुरू झाली. टेक्सासने २०१३ मध्ये विषयांती घेतल्या जाणाऱ्या परीक्षांची संख्या १५ वरून ५ वर आणली. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०१५ मध्ये परीक्षेची अट स्थगित केली आणि ज्यांनी २००३-०४ पासून इतर सर्व अटी पूर्ण केल्या होत्या, पण केवळ या परीक्षेमुळे ज्यांचा डिप्लोमा अडला होता, त्यांना तो पूर्वलक्षी प्रभावाने देण्याची तरतूद केली. २०१७ मध्ये अट कायमची रद्द झाली. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मधील सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतांनी परीक्षेची सक्ती उठविली. न्यूयॉर्कच्या शिक्षण खात्यानेही त्याच महिन्यात, २०२७-२८ या शालेय वर्षापासून रीजंट्स परीक्षांची सक्ती काढून टाकण्याचे वेळापत्रक मांडले. आज निर्गमन परीक्षा सक्तीची ठेवणारी राज्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण विचार करावयास लावणारे आहे. ज्यांना अनेक वर्षांनी डिप्लोमा मिळाला त्यांच्या ज्ञानात दरम्यानच्या काळात शाळेने काहीच भर घातली नव्हती. बदलला तो नियम. परंतु त्या वर्षांत ज्या नोकऱ्या मिळाल्या नाहीत आणि जे प्रवेश हुकले, ते पूर्वलक्षी प्रभावाने देण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात करता येत नाही.

७. दुसरी बाजू : पोकळ डिप्लोमाचा धोका

परीक्षा काढून टाकली की न्याय आपोआप प्रस्थापित होतो, असेही नाही. २००८ च्या संघीय नियमानुसार सर्व राज्यांनी, नववीत दाखल झालेल्या तुकडीपैकी किती विद्यार्थ्यांनी चार वर्षांत नियमित डिप्लोमा मिळविला, याचे प्रमाण एकाच पद्धतीने मोजावयाचे ठरले. या मोजणीनुसार देशाचा दर २०१०-११ मध्ये ७९ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ८७ टक्के झाला. ही वाढ स्वागतार्ह आहे. मात्र या दरावरून शाळांचे मूल्यमापन होऊ लागताच दर वाढविण्याचे जवळचे मार्गही शोधले जाऊ लागले.

राजधानी वॉशिंग्टन येथील प्रकरण या संदर्भात बोलके आहे. तेथील सार्वजनिक शाळांविषयी २०१७ च्या अखेरीस प्रसारमाध्यमांतून शंका उपस्थित झाल्यावर चौकशी झाली. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या अहवालानुसार २०१७ च्या तुकडीतील सुमारे एकतृतीयांश पदवीधरांना नियम डावलून डिप्लोमा दिला गेला होता. अनेकांची गैरहजेरी मर्यादेपलीकडे गेलेली होती; काहींना 'श्रेयांक भरपाई' या सवलतीचा लाभ नियमबाह्य रीतीने देण्यात आला होता. श्रेयांक भरपाई म्हणजे अनुत्तीर्ण झालेला विषय संक्षिप्त स्वरूपात, पुष्कळदा संगणकावर, पुन्हा पूर्ण करण्याची सोय. मुळात ती पिछाडीवरील विद्यार्थ्यास हात देण्यासाठी आहे. तिचा दुरुपयोग झाला की वर्षभराचा विषय काही आठवड्यांत 'पूर्ण' होतो.

अशा डिप्लोमाची किंमत शाळा मोजत नाही, विद्यार्थी मोजतो. महाविद्यालयात गेल्यावर त्यास शालेय स्तरावरील गणित वा लेखन पुन्हा शुल्क भरून शिकावे लागते, किंवा शिक्षण मध्येच सोडावे लागते. येथेच या विषयातील खरा पेच आहे. कडक परीक्षेमुळे ज्याचा डिप्लोमा अडतो तो विद्यार्थी आणि सैल नियमांमुळे ज्यास पोकळ डिप्लोमा मिळतो तो विद्यार्थी हे बहुतांशी एकाच वस्तीतले, एकाच आर्थिक स्तरातले असतात. अट कडक करा अथवा सैल करा, चांगले शिक्षण ज्याच्या वाट्यास आले नाही त्याचेच नुकसान होते.

८. पर्यायी मार्ग

नियमित डिप्लोमा न मिळालेल्यांसाठी समकक्षता परीक्षांचा मार्ग आहे. त्यांतील सर्वांत परिचित जीईडी ही परीक्षा १९४२ मध्ये, शिक्षण अर्धवट सोडून सैन्यात गेलेल्या तरुणांसाठी सुरू झाली. तिचे विद्यमान स्वरूप २०१४ पासून आहे. गणिती विचार, भाषा, सामाजिक शास्त्रे आणि विज्ञान अशा चार विषयांच्या संगणकीय चाचण्या असतात व प्रत्येकीत १०० ते २०० या मापावर किमान १४५ गुण लागतात. चार वर्षांचे काम काही तासांत सिद्ध करण्याची ही सोय अनेकांस उपकारक ठरली आहे. तथापि नोबेल पारितोषिक विजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून केलेल्या संशोधनात असे दिसून आले की जीईडीधारकांची कमाई नियमित डिप्लोमाधारकांपेक्षा शाळा सोडलेल्यांच्या कमाईच्या अधिक जवळ असते. नियमित हजेरी, चिकाटी, नेमून दिलेले काम वेळेवर पूर्ण करणे हे गुण परीक्षेत मोजले जात नाहीत. चार वर्षांच्या शाळेत मात्र त्यांची कसोटी लागते, असा या संशोधनाचा आशय आहे. तासांवर आधारलेल्या एककाची बाजू यामुळे काही अंशी सावरली जाते.

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. १९७५ च्या कायद्याने त्यांना मोफत व सुयोग्य शिक्षणाचा हक्क दिला आणि तो बहुतेक राज्यांत वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकतो. परंतु नियमित डिप्लोमा मिळताच तो संपतो. नियमित अटी पूर्ण करू न शकणाऱ्यांना काही राज्यांत केवळ पूर्ततेचे प्रमाणपत्र दिले जाते. त्याने सेवा पाहण्याचा हक्क शाबूत राहतो, पण नोकरीच्या बाजारात ते डिप्लोमाची जागा घेऊ शकत नाही. म्हणून डिप्लोमा केव्हा स्वीकारावा, हा अशा कुटुंबांपुढील गंभीर निर्णय असतो.

९. महाराष्ट्राच्या संदर्भात

अमेरिकेतील या अनुभवाकडे महाराष्ट्रातील वाचकाने लक्ष देण्याची दोन कारणे आहेत. पहिले व्यावहारिक आहे. अमेरिकेत शिकून पदवी शिक्षणासाठी परतणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांची समकक्षता येथे तपासली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये परदेशी अर्हतांच्या समकक्षतेसंबंधी विनियम प्रसिद्ध केले असून त्यांत शालेय अर्हतेसाठी किमान बारा वर्षांच्या नियमित शिक्षणाची अट आहे. शिवाय डिप्लोमासाठी विज्ञानाची दोन वा तीन वर्षे पुरेशी असली तरी त्यांत भौतिकशास्त्र असेलच असे नाही. अभियांत्रिकीसारख्या शाखेकडे वळू पाहणाऱ्याने केवळ डिप्लोमावर विसंबून चालत नाही. विषयवार नोंदपत्र येथील प्रवेशाच्या अटींशी ताडून पाहावे लागते.

दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनावर किती विसंबावे हा प्रश्न आपल्यासही नवा नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रे यांतील अंतर्गत गुण बंद करण्यात आले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये ते गुण पुन्हा सुरू होताच तो ९५.३० टक्के झाला. महासाथीमुळे २०२१ मध्ये परीक्षाच रद्द होऊन शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला, तेव्हा तो ९९.९५ टक्के होता. एका वर्षात विद्यार्थ्यांची बुद्धी इतकी घटत किंवा वाढत नाही. बदलतो तो मोजणारा हात.

आता राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने एप्रिल २०२३ मध्ये शालेय स्तरासाठीही श्रेयांकांची चौकट मांडली आहे. तीत वर्षाला १२०० अध्ययन तास व ४० श्रेयांक, म्हणजे ३० तासांस एक श्रेयांक असा हिशेब आहे. कार्नेगी एकक केवळ वर्गातील तास मोजत असे. या आराखड्यात वर्गाबाहेरील उपक्रमांचाही समावेश होतो, हा महत्त्वाचा फरक आहे. तरीही तास मोजले म्हणजे अध्ययन मोजले, असे मानण्याचा धोका दोन्हीकडे सारखाच आहे. अमेरिकेस जो प्रश्न सोडविण्यास शंभराहून अधिक वर्षे अपुरी पडली, तो आपल्या शाळांच्या दाराशी येत आहे.

१०. समारोप

हायस्कूल डिप्लोमाच्या अटी वरकरणी श्रेयांक, विषय, तास आणि गुण यांची यादी वाटतात. वस्तुतः ती समाजाने अठरा वर्षांच्या तरुणाशी केलेल्या कराराची कलमे आहेत. अमेरिकेच्या अनुभवावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. श्रेयांकपद्धतीत यशापयशाचा निर्णय अखेरच्या वर्षी लागत नाही; म्हणून मदतही पहिल्याच वर्षी पोहोचावी लागते. बाह्य परीक्षा शाळांची परस्पर तुलना शक्य करते, पण जे शिकविलेच नाही त्याची परीक्षा घेणे हा अन्याय होय. आणि परीक्षा काढून टाकल्यास तिची जागा शिक्षकाच्या सचोटीने व शाळेच्या जबाबदारीने भरून काढावी लागते. ती रिकामी राहिली तर डिप्लोमा केवळ कागद उरतो.

करारास दोन पक्ष असतात. विद्यार्थ्याने काय पूर्ण करावे याची यादी प्रत्येक राज्याने आजवर तपशीलवार लिहिली. शाळेने आणि राज्याने आपल्या बाजूने काय पूर्ण करावे याची यादीही तितक्याच काटेकोरपणे लिहिली गेली, तरच त्या प्रमाणपत्रावरील सहीला अर्थ राहील.